नायक एका वेळी एकाच ठिकाणी असतो

सुपरहिरोंचा टेबलटॉप खेळ चालवायला घेतलेल्या बहुतेक जीएमची दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला एकच तक्रार असते. एवढा जपून घडवलेला व्हिलन, त्याचं भाषणसुद्धा तयार होतं, आणि पहिल्याच टर्नला एका खेळाडूने त्याला उचलून समुद्रात भिरकावून दिलं. मग पुढच्या वेळी जीएम व्हिलनची ताकद दुप्पट करतो. आता तो पडत नाही, पण खेळही हलत नाही. दोन्ही बाजू जागच्या जागी उभ्या राहून एकमेकांना ठोकत बसतात, कुणीतरी मोबाइल काढतं, आणि दीड तासाने व्हिलन एकदाचा आडवा होतो तेव्हा आनंद कुणालाच होत नाही, सगळे नुसते सुटतात.

तुम्ही असा खेळ चालवत असाल किंवा चालवायचा विचार असेल, तर माझं सांगणं एवढंच की व्हिलनची ताकद वाढवू नका. तुमच्या नायकाला इमारत उचलता येत असेल, आवाजाच्या पुढे उडता येत असेल, तरी एक गोष्ट त्याला जमत नाही. एका वेळी दोन ठिकाणी असणं. (स्वतःच्या प्रतिकृती करणारा एखादा महाभाग टेबलावर असतोच. त्याच्याकडे पुढे येऊ.) सगळा खेळ याच एका मर्यादेवर उभा करता येतो, आणि सिनेमातले चांगले प्रसंगही तिच्यावरच उभे आहेत.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाचं एक पात्र, आणि त्याच्या शक्ती नि उणिवा लिहिलेला एक कागद, म्हणजे कॅरेक्टर शीट. एक जण गेम मास्टर, म्हणजेच जीएम. शहर, व्हिलन, पोलीस, पत्रकार, पात्रांच्या आया-बहिणी हे सगळं तो एकटा बोलून उभं करतो. खेळाडू ‘मी असं करतो’ म्हणतात, आणि जमेल की नाही अशी शंका असली की फासे टाकतात. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला तिथून ही परंपरा सुरू झाली. सुपरहिरोही तिच्यात लवकरच शिरले. १९८१ चा ‘चॅम्पियन्स’, १९८४ चा टीएसआर कंपनीचा ‘मार्व्हल सुपर हिरोज’, २००२ चा ‘म्यूटन्ट्स अँड मास्टरमाइंड्स’, २०१६ चा ‘मास्क्स’, २०२३ चा ‘मार्व्हल मल्टिव्हर्स’ ही त्यातली ठळक नावं. यांतला कुठलाही घ्या. नियमांची निवड लोक उगाच महिनोन्‌महिने करत बसतात.

घोळ होतो तो जुन्या सवयीमुळे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये राक्षस गुहेत असतो, तो तुमच्या आणि खजिन्याच्या मध्ये उभा असतो, म्हणून त्याचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची क्षमता, संपवणं हे काम होऊन बसतं. सुपरहिरोच्या गोष्टीत व्हिलन कुणाची वाट अडवून बसलेला नसतो. तो काहीतरी करायला निघालेला असतो, नायक त्याला थांबवायला येतो, आणि या दोघांच्या मध्ये ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नाही अशी माणसं असतात. तुमच्या प्रसंगात ही मधली माणसं नसतील तर उरते ती नुसती मारामारी, आणि फाशांवर चालणारी नुसती मारामारी अर्ध्या तासात शिळी होते.

१९७८ चा ‘सुपरमॅन’ आठवा, रिचर्ड डॉनरचा. व्हिलन लेक्स ल्यूथर सुपरमॅनच्या गळ्यात शक्ती काढून घेणारं क्रिप्टोनाइट अडकवतो आणि त्याला पाण्यात ढकलतो, हे सगळ्यांना आठवतं. पण सुपरमॅन हरतो तो तिथे नव्हे. ल्यूथरने दोन क्षेपणास्त्रं दोन दिशांना सोडलेली असतात, एक कॅलिफोर्नियाकडे आणि एक न्यू जर्सीकडे. ल्यूथरचीच साथीदार मिस टेश्माकर सुपरमॅनला सोडवते, कारण तिची आई न्यू जर्सीला राहते. सोडवण्यापूर्वी ती वचन घेते की आधी तिकडचं थांबवायचं. तो शब्द पाळतो. दुसरं क्षेपणास्त्र कॅलिफोर्नियात फुटतं, जमीन दुभंगते, आणि तो धरणं, रेल्वे नि बस सांभाळत फिरत असताना त्याची लाडकी लोइस लेन गाडीसकट मातीखाली जाते. क्रिप्टोनाइटने त्याला काही मिनिटं रोखलं. त्याला मोडलं ते एका बाईला दिलेल्या शब्दाने. पुढे काळ उलटा फिरवून तो लोइसला परत आणतो, पण ती सोय तुमच्या टेबलावर ठेवू नका, नाहीतर दर आठवड्याला कुणीतरी पृथ्वी उलटी फिरवायला निघेल.

म्हणून क्रिप्टोनाइट जपून वापरा. दर सेशनला नायकाची शक्ती काढून घेणारा खडा, किरण किंवा इंजेक्शन निघालं, तर खेळाडूला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे. त्याने उडणारा नायक मागितला तो उडण्यासाठी. त्याला उडू द्या. फक्त कुठे उडायचं हे ठरवणं अवघड करा.

दुसरा नमुना म्हणजे २००४ च्या ‘स्पायडरमॅन २’मधला रेल्वेचा प्रसंग. जीएमने तो थांबवून थांबवून बघावा. सुरुवातीला डॉक्टर ऑक्टोपस आणि स्पायडरमॅन गाडीच्या टपावर मारामारी करतात, ती चांगली आहे, पण तेवढंच असतं तर लक्षात राहिली नसती. मग ऑक्टोपस काय करतो? प्रवाशांना उचलून बाहेर फेकतो. स्पायडरमॅनचा एकेक क्षण त्यांना जाळ्यात झेलण्यात जातो, तेवढा वेळ मार पडत राहतो. नंतर ऑक्टोपस गाडीचा वेग वाढवतो, ती थांबवायचा दांडाच मोडून टाकतो, आणि निघून जातो. खेळाच्या भाषेत व्हिलनने यासाठी एक टर्न घालवला. या एका टर्नने जे केलं ते त्याच्या दहा ठोशांनी झालं नसतं.

पुढचा भाग फासे टाकणाऱ्यांनी जास्त बघण्यासारखा आहे. स्पायडरमॅन आधी पाय रुळांमध्ये रोवून बघतो. जमत नाही. मग दोन्ही बाजूंच्या इमारतींना जाळी लावतो, तर इमारतींचे तुकडेच उखडून येतात. तिसऱ्या वेळी डझनभर जाळी एकदम. गाडी थांबते, तो बेशुद्ध पडतो, चेहऱ्यावर मुखवटा नाही. दोनदा तो अपयशी झाला, पण कुठलंच अपयश ‘काही झालं नाही, पुढचा कोण?’ असं नव्हतं. प्रत्येक वेळी काहीतरी तुटलं आणि रूळ संपायची जागा जवळ आली. तुमच्या टेबलावर फासा चुकला की हेच करा. चुकलेल्या फाशाने परिस्थिती बदललीच पाहिजे. ज्या फाशाच्या अपयशाने काहीच बदलणार नसेल तो टाकायलाच लावू नका, तसंच जमलं म्हणून सांगा आणि पुढे चला.

शेवटी ते प्रवासी त्याला हातांवर उचलून आत नेतात, त्याचा चेहरा बघतात, आणि कुणाला सांगणार नाही असं ठरवतात. व्हिलन तर परत येऊन त्याला घेऊन जातो. नायक लढाई हरला आणि प्रसंग जिंकला. असा निकाल हिट पॉइंट मोजून हाती लागत नाही.

टेबलावर एक नायक नसतो, चार असतात. मग हिशेब सोपा आहे. नायकांपेक्षा एक संकट जास्त ठेवा. चार नायक, पाच संकटं. आपल्या ओळखीच्या जागेचं उदाहरण घेऊ. अनंत चतुर्दशीची रात्र, गिरगाव चौपाटी. भरतीओहोटीचा अभ्यास केलेली एक अभियंता आहे, तिला समुद्र हलवण्याची शक्ती मिळाली आहे. मलबार हिलखालून गेलेला कोस्टल रोडचा बोगदा तिला पाण्याने भरून टाकायचा आहे. बोगदा त्या रात्री रिकामा असणार हे तिने बघून ठेवलंय, तिला कुणाचा जीव घ्यायचा नाही. पण इतकं पाणी एकीकडे ओढलं की चौपाटीवर काय होईल याचा तिचा अंदाज चुकतो. समुद्र अचानक मागे हटतो. मोठ्या मूर्तीचा तराफा चिखलात कलतो, त्यावर कार्यकर्ते आहेत. लोक कुतूहलाने उघड्या पडलेल्या वाळूत पुढे धावतात, आणि पाणी परत येणार आहे. चर्नी रोडच्या पुलावर उलट्या दिशेने लोंढा. विजेचा मनोरा वाकतोय. आणि बोगद्यात, जिथे कुणीच नसायला हवं होतं, तिथे देखभालीची एक गाडी आहे.

हे पाच झाले. आता जीएमचं काम जवळजवळ संपलं, बोलायचं काम खेळाडूंचं. तुम्ही फक्त विचारा की कोण कुठे जातं. ताकदवान नायक तराफ्याकडे जाईल, उडणारी गर्दीच्या पुढे. ज्याच्याकडे शक्तीच नाही, नुसता मोठा आवाज आणि माजी पोलीस असल्याचा अनुभव आहे, तो पुलावर सगळ्यांपेक्षा उपयोगी पडेल. आणि एक जागा रिकामी राहील. कुठली, ते खेळाडूंनी ठरवावं. तिथे काय झालं हे लगेच सांगू नका.

एक पथ्य मात्र पाळा. कुणी पाचही संकटं सांभाळणारी खरोखर हुशार युक्ती काढली तर ती चालू द्या. मनातल्या मनात ‘पण मला तर निवड हवी होती’ म्हणून नवी अडचण उभी करू नका. खेळाडूंना ते लगेच कळतं. ‘द डार्क नाइट’मध्ये जोकर बॅटमॅनला दोन ओलिसांचे पत्ते देतो, एकीकडे रेचल, दुसरीकडे हार्वी डेंट, आणि तेही अदलाबदल करून. सिनेमात ते थरारक आहे कारण बघणाऱ्याच्या हातात काही नसतं. टेबलावर असा खोटा पत्ता एकदा दिलात तर पुढची सहा सेशन्स खेळाडू तुमच्या प्रत्येक वाक्यावर संशय घेतील. निवड कठीण असावी, पण ती निवडच असावी.

आणि तो प्रतिकृतीवाला. त्याला अडवू नका. दहा ठिकाणी दहा जण पाठवू द्या आणि शांतपणे विचारा, ‘तुझ्या बहिणीने फोन केला, यातल्या कुणी उचलला?’ त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

संकटं कुठून आणायची? कॉमिक्सच्या दुकानातून नव्हे, खेळाडूंच्या कागदावरून. ‘चॅम्पियन्स’ने १९८१ मध्येच ही गोष्ट ओळखली होती. पात्र घडवताना कुणी मागावर असलेला शत्रू, कुणी अवलंबून असलेलं माणूस, गुप्त ओळख अशा अडचणी स्वतःहून घेतल्या तर शक्तींसाठी जास्त पॉइंट मिळतात. ‘म्यूटन्ट्स अँड मास्टरमाइंड्स’मध्ये अशी अडचण खेळात आडवी आली की खेळाडूला हिरो पॉइंट मिळतो, पुढे फासा चुकला तर वापरायला. म्हणजे खेळाडू स्वतःच तुमच्या हातात दोर देतो आणि वर त्याचा मोबदलाही घेतो. तुमच्या खेळात असा नियम नसला तरी पहिल्या दिवशी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. तुझा चेहरा कुणाला कधीच कळता कामा नये? तू काय कधीच करणार नाहीस? आणि रात्री अकराला तुला कोण शोधत येऊ शकतं? उत्तरं लिहून ठेवा. वर्षभर पुरतात.

नियम माणसांना वळण लावतात, हे १९८४ च्या ‘मार्व्हल सुपर हिरोज’मध्ये फार सुंदर दिसतं. जेफ ग्रब यांच्या या खेळात खेळाडूंना चांगल्या कामांसाठी कर्मा मिळतो (हो, नाव खरोखर कर्मा) आणि तो खर्च करून फासे सुधारता येतात. नायकाने कुणाचा जीव घेतला की साठवलेला सगळा कर्मा शून्य. भाषण नाही, उपदेश नाही. दोन सेशन्समध्ये टेबलावरचा सगळ्यात रागीट मुलगाही ‘मी त्याला बेशुद्ध करतो’ म्हणायला शिकतो.

व्हिलनबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण नवे जीएम सगळा वेळ त्याच्या पोशाखावर आणि शक्तींवर घालवतात. त्याला काय हवंय, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि ते हवं असणं निम्म्या खेळाडूंना पटलं पाहिजे. २०१८ च्या ‘ब्लॅक पँथर’मधला किलमाँगर लक्षात राहिला तो याचमुळे. जगभरच्या काळ्या लोकांवर अन्याय होत असताना नायकाचं वाकांडा राज्य लपून बसलं, हा त्याचा आरोप खोटा नाही, आणि सिनेमाच्या शेवटी खुद्द नायक टीचाला वाकांडाची दारं उघडतो. माझ्या उदाहरणातली अभियंताही तशीच घडवता येईल. मुंबईच्या किनाऱ्यावर भर घालण्यावरून आणि वरळीच्या कोळ्यांच्या होड्यांना पुलाच्या खांबांमधून पुरेशी वाट मिळावी म्हणून, खरी भांडणं झालेली आहेत. टेबलावरचा एखादा खेळाडू ‘पण बाई बरोबर बोलतेय’ म्हणाला तर समजा की जमलं.

व्हिलनला मिनिटभरापेक्षा जास्त बोलू देऊ नका. सिनेमात नायक ऐकून घेतो कारण पटकथेत तसं लिहिलेलं असतं. टेबलावर तिसऱ्या वाक्याला कुणीतरी ‘मी त्याला मारतो’ म्हणतं, आणि त्यात चूक काही नाही. बोलायचंच असेल तर व्हिलनला अशा जागी बोलवा जिथे मारता येत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला, टीव्हीवर चर्चेत, नायकाच्या ऑफिसात नवा बॉस म्हणून आलेला.

त्याला पळू द्या, पण फुकट नाही. व्हिलन निसटायलाच हवा असं तुम्ही ठरवलं असेल तर खेळाडूंना त्याबदल्यात काहीतरी द्या. ‘म्यूटन्ट्स अँड मास्टरमाइंड्स’ यासाठीही हिरो पॉइंट देतो. तुमच्याकडे ती सोय नसेल तर माहिती द्या, त्याच्या हातातून निसटलेली वस्तू द्या, त्याचा डळमळलेला साथीदार द्या. फासे उलटे पडूनही ‘तरी तो सुटतो’ म्हणणारा जीएम लवकरच एकटाच खेळत बसतो.

व्हिलनच्या मागे वीस गुंड असतील तर त्यांचे वीस हिशेब ठेवू नका. वरच्याच खेळात अशा किरकोळ माणसांना मिनियन म्हणतात आणि मार सोसता आला नाही की ते थेट आडवे होतात. खेळाडूला तीन गुंड एका झटक्यात उडवताना मजा येते, ती त्याला घेऊ द्या.

आता ‘सिनेमॅटिक’ हा शब्द. पुष्कळांना वाटतं की याचा अर्थ जीएमने लांबलचक, अलंकारिक वर्णन करायचं. उलट आहे. जीएम जितका जास्त बोलेल तितका प्रेक्षक वाढतो आणि खेळाडू कमी होतात. सिनेमाकडून उचलायची ती कात्री. प्रवास दाखवू नका. दारावर थाप, चहा, खुर्ची, ओळख, हे सगळं कापा. थेट तिथून सुरू करा जिथे काच फुटलेली आहे. पहिल्या सेशनच्या सुरुवातीला प्रत्येकाला सांगा की पडद्यावर तुझा नायक पहिल्यांदा दिसतोय, आपण काय बघतोय? लाजाळू माणूसही दोन वाक्यं बोलतो, कारण प्रश्न नियमांचा नसतो. आणि कुणाचा फासा जबरदस्त पडला की ‘त्याला लागलं, बारा पॉइंट’ म्हणू नका. विचारा, ‘कसं दिसलं?’ त्या क्षणाचं वर्णन खेळाडूचं, तुमचं नाही.

दुसरी युक्ती, दृश्य अधांतरी सोडायची. चौथ्या नायकाने पडणारा मनोरा पकडला, फासा टाकायचा आहे, आणि तुम्ही पुलावर जाता. पुलावरचा फासा टाकायच्या वेळी तराफ्यावर. प्रत्येकाचा प्रसंग दोन-तीन मिनिटं. यामुळे एकाच्या टर्नला बाकीचे मोबाइल बघत बसत नाहीत, कारण त्यांचाही कुठेतरी श्वास अडकलेला असतो. मध्येच एखादा नियम आठवला नाही तर पुस्तकात मिनिटभर शोधा. नाही सापडला तर न्याय्य वाटेल ते ठरवा, खूण करून ठेवा, सेशननंतर बघा.

‘सेंटिनल कॉमिक्स’ नावाच्या खेळाने सिनेमाची आणखी एक खुबी नियमात बसवली आहे. प्रसंग हिरव्या टप्प्यात सुरू होतो, मग पिवळा, मग लाल, आणि नायकाच्या सगळ्यात जबर शक्ती लाल टप्प्यात उघडतात किंवा तो स्वतः तितका घायाळ झाल्यावर. त्यामुळे पहिल्याच टर्नला ब्रह्मास्त्र काढून खेळ संपवायची सोयच राहत नाही. तुम्ही कुठलाही खेळ चालवत असा, टेबलावर तीन रंगांच्या सोंगट्या मांडून हे उसनं घेता येईल.

शक्तींमधली तफावत हा नव्यांचा मोठा घोर. एक जण डोंगर उचलतो, दुसरा बाण मारतो, दोघं एका टेबलावर कसे? २०१२ च्या ‘अॅव्हेंजर्स’मधली न्यूयॉर्कची लढाई बघा. कॅप्टन अमेरिका रस्त्यावर उभा राहून कामं वाटतो. धनुर्धारी हॉकआय छतावर, सगळ्यांचे डोळे म्हणून. आयर्न मॅन हद्दीवर, बाहेर निसटणाऱ्या शत्रूंना परतवायला. थॉरने आकाशातल्या दाराशी विजा पाडायच्या. हल्कला सांगायचं एकच, तोडफोड कर. या वाटणीत कुणाची ताकद कुणाशी तोललेलीच नाही, प्रत्येकाला फक्त त्याचीच अशी जागा आहे. जीएमने बरोबरी साधायला आकडे जुळवत बसू नये. जागा तयार कराव्यात. ‘मास्क्स’ तर याच्याही पुढे जातो. तिथे खेळाडू किशोरवयीन नायक असतात आणि मार शरीराला नाही, मनाला लागतो. हिट पॉइंटच नाहीत. भीती, राग, अपराधी वाटणं, हताशा, असुरक्षितता, या पाच खुणा कागदावर असतात. मोठ्यांचं मत तुमच्याबद्दल बदललं की तुमचे आकडे बदलतात. कॉलेजातली मुलं घेऊन खेळणार असाल तर माझी पहिली शिफारस हाच खेळ. ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ हे वाक्य एखाद्या आवडत्या मावशीच्या तोंडी घाला, कुठल्याही किरणापेक्षा जोरात लागतं.

याच ठिकाणी एक खबरदारी. नायकाची माणसं संकटात टाका, पण त्यांना इंधन म्हणून जाळू नका. १९९४ मध्ये ‘ग्रीन लँटर्न’च्या एका अंकात नायकाच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलेलं दाखवलं होतं, फक्त नायक चिडावा म्हणून. १९९९ मध्ये गेल सिमोन यांनी कॉमिक्समध्ये अशा किती बायकांचं हेच झालं याची यादी मांडली, आणि पुढे त्या स्वतः नामवंत कॉमिक्स लेखिका झाल्या. खेळाडूने प्रेमाने नाव दिलेली बहीण तुम्ही दोन वाक्यांत मारलीत, तर पुढच्या पात्राला तो अनाथ, एकुलता एक आणि मित्रहीन बनवून आणेल. मग तुमच्या हातात दोर उरणार नाही. बहिणीला अडकवा, पण तिला स्वतःची अक्कल द्या. ती खिडकीतून निघायचा प्रयत्न करते, व्हिलनशी हुज्जत घालते, नायकाला खोटं बोलल्याबद्दल झापते.

खेळण्यापूर्वी विचारूनही घ्या की या टेबलावर काय नको. कुणाच्या घरी नुकतं काही घडलेलं असतं, कुणाला लहान मुलांना इजा झालेली चालत नाही. जॉन स्टाव्हरोपूलोस यांनी सुचवलेलं एक्स-कार्ड सोपं आहे. टेबलाच्या मध्ये फुली काढलेला कागद ठेवायचा, कुणी त्याला हात लावला की तो विषय तिथेच सोडायचा, कारण न विचारता. आपल्याकडे ‘एवढं काय त्यात’ म्हणायची सवय आहे, म्हणून हा कागद जास्तच हवा.

आता ती रिकामी राहिलेली जागा. चौपाटीवरून सगळे दमून परत आले, गर्दी वाचली, तराफा सरळ झाला, पुलावर कुणी चेंगरलं नाही, आणि बोगद्यातल्या गाडीकडे कुणीच गेलं नाही. पुढचं सेशन तिथून सुरू करा. मेलेच पाहिजेत असं नाही. बऱ्याचदा त्याहून चांगलं काहीतरी असतं. त्या गाडीतल्या दोघांना अभियंतेनेच बाहेर काढलं, आणि आता ते टीव्हीवर सांगताहेत की नायक आले नाहीत, ती आली. किंवा त्यांतला एक नायकाच्या इमारतीत राहतो, लिफ्टमध्ये भेटतो आणि काहीच बोलत नाही. खेळाडूंनी आपल्या निवडीने हे घडवलं आहे, म्हणून तुम्हाला वेगळी कथा रचावीच लागत नाही. कथेचे पंधरा-पंधरा भाग आधी लिहून ठेवणाऱ्या जीएमला मी हेच सुचवेन. पुढचं एकच सेशन तयार करा, आणि तेही मागच्या वेळी कुठे कुणी नव्हतं एवढ्यावरून.

मारामारीनंतर दहा मिनिटं साध्या घरगुती प्रसंगाला ठेवा. मुखवटा काढलेला, खांदा सुजलेला, आणि आजी विचारतेय की एवढा उशीर का. इथे फासे लागत नाहीत. मराठीतच बोला. नियमांचे शब्द इंग्रजी राहिले तरी हरकत नाही, पण आजी मराठीत रागावली की टेबलावरचं इंग्रजी आपोआप गळून पडतं आणि लोक पात्रासारखं बोलू लागतात.

साहित्याचं ओझं घेऊ नका. ‘मास्क्स’ला दोन सहा बाजूंचे फासे लागतात, म्हणजे घरातल्या ‘व्यापार’च्या खोक्यात आहेत तेच. ‘मार्व्हल मल्टिव्हर्स’ला तीन, त्यातला एक वेगळ्या रंगाचा. नकाशा म्हणून गिरगावचा छापील नकाशाही पुरतो. चार खेळाडू उत्तम, पाच चालतात, सहाव्याला पुढच्या वेळी बोलवा. तीन तासांवर ताणू नका आणि शेवटची पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. त्या पंधरा मिनिटांत प्रत्येकाला विचारा की पुढच्या वेळी कुणाला भेटायला आवडेल, आणि सगळे चपला घालायच्या आत पुढची तारीख पक्की करा. ग्रुपवर तारीख ठरवायला घेतलीत तर अंगठे सगळ्यांचे येतात, माणसं दोनच.